लघवी आवरत नाही? लाजू नका, इलाज आहे

आपल्या वस्तीत अशी एक तरी मावशी असतेच. लग्नाच्या पंगतीत ती कडेची जागा धरते. कुठे बाहेर जायचे असले की सकाळपासून पाणी पीत नाही. गाडीत बसण्याआधी वाटेत संडास कुठे आहे ते विचारून घेते. पिशवीत जुन्या साडीचा घडी केलेला तुकडा ठेवते. हळूहळू ती विहारात यायचे कमी करते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणे बंद करते. विचारले तर म्हणते, "गुडघे दुखतात गं." गुडघे दुखतही असतील. पण खरे कारण ती सुनेलाही सांगत नाही. तिला लघवी आवरत नाही.

हा त्रास बायकांनाच होतो असे नाही. रात्री चार-चार वेळा उठणारे आजोबा, गिऱ्हाईक अर्ध्या वाटेत असताना रिक्षा बाजूला घ्यावी लागणारा भाऊ, ड्युटीवर जागा सोडता न येणारा वॉचमन हेही त्यातलेच. घरात संडास असलेल्याला दहा पावलांत मोकळे होता येते. ज्याचा संडास गल्लीच्या टोकाला आहे, तिथे रांग आहे आणि रात्री दिवा नाही, त्याच्यासाठी हाच आजार दुप्पट मोठा होतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर याच विषयावर सविस्तर बोलू. घरच्या घरी करायच्या व्यायामापासून ते कमरेत बसवायच्या छोट्या यंत्रापर्यंत इलाजाच्या पायऱ्या आहेत. त्या क्रमाने माहीत असाव्यात. म्हणजे "आता वय झाले, चालायचेच" म्हणून कोणी परत पाठवणार नाही, आणि गरज नसताना कोणी लाखांचा खर्चही गळ्यात मारणार नाही.

पिशवीचे काम कसे चालते

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय हा स्नायूंचा फुगा आहे. त्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. फुगा भरत असताना त्याचा स्नायू सैल राहतो आणि खालचे तोंड घट्ट बंद असते. मोकळे व्हायचे ठरवले की उलटे होते. फुगा आवळतो आणि तोंड उघडते. दिवसात सहा ते आठ वेळा आणि रात्री एखाद्या वेळी लघवीला जाणे हे सर्वसाधारण समजावे.

हे काम नसा चालवतात. इथे नस म्हणजे रक्ताची नस नव्हे. मेंदूचे निरोप नेणारी आणि शरीराचे निरोप मेंदूला पोहोचवणारी, वायरसारखी नस. डॉक्टर तिला मज्जातंतू म्हणतात. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर एक तिकोनी चपटे हाड असते. त्याला दोन्ही बाजूंना छिद्रे असतात. लघवीच्या पिशवीच्या मुख्य नसा या छिद्रांतून बाहेर येतात. "पिशवी भरत आली" हा निरोप याच वाटेने वर जातो आणि "थांब, अजून नको" हा हुकूम याच वाटेने खाली येतो.

काही जणांत हा निरोपाचा कारभार बिघडतो. पिशवी अर्धीही भरलेली नसताना "आत्ताच्या आत्ता" अशी हाक येते. गोष्टीतला मुलगा "लांडगा आला रे आला" म्हणून उगाच ओरडायचा, तसेच हे. फरक इतकाच की इथे प्रत्येक खोट्या हाकेला स्नायू खरोखर आवळतो आणि दारापर्यंत पोहोचण्याआधी कपडे ओले होतात. हा आळस नाही, घाणेरडेपणा नाही, आणि मनाचा कमकुवतपणा तर अजिबात नाही.

गळती कोणत्या प्रकारची, ते आधी ओळखा

इलाज प्रकारावर ठरतो, म्हणून ही ओळख महत्त्वाची.

खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना थोडी लघवी निसटते, हा पहिला प्रकार. यात ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. बाळंतपणांनंतर हे बऱ्याच बायकांत होते.

अचानक जोराची घाई होते आणि पोहोचेपर्यंत धीर निघत नाही, हा दुसरा प्रकार. वर सांगितलेली खोटी हाक ती हीच. काही बायकांना दोन्ही प्रकार एकत्र असतात.

पिशवी नीट रिकामीच होत नाही, भरून वाहते आणि सतत थेंब थेंब गळते, हा तिसरा प्रकार. पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढल्याने, तर कोणाला जुन्या मधुमेहाने नसा कमकुवत झाल्याने असे होते.

याशिवाय लघवीतला जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठता, अंग बाहेर येणे, लकवा, मणक्याची इजा, काही औषधे यांमुळेही त्रास होतो. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी लघवीची तपासणी, साखर आणि गरज पडल्यास सोनोग्राफी सांगितली तर ती टाळू नका. संसर्ग किंवा साखर हेच कारण निघाले तर त्याच्या इलाजानेच बराच फरक पडू शकतो. आणि अंग बाहेर येण्यासारखे दुसरे कारण नसताना "गर्भपिशवी काढली की गळती थांबेल" असे कोणी म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. घाईच्या गळतीवर गर्भपिशवी काढणे हा इलाज नाही.

पहिली पायरी : घरातली, बिनपैशाची

पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायले की लघवी घट्ट आणि झोंबणारी होते. पिशवी आणखी चिडते आणि बद्धकोष्ठताही वाढते. दिवसभर थोडे थोडे पाणी प्या, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करा. चहाचे कप मोजा. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर ते दोनवर आणा. विडी-सिगारेट सोडा, कारण जुना खोकला पिशवीवर सारखा दाब देतो.

खालच्या स्नायूंचा व्यायाम करा. वारा सुटू नये म्हणून आपण जे स्नायू आत ओढतो, तेच हे स्नायू. ते आत ओढून पाच आकडे मोजा, मग तेवढाच वेळ सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्या. पोट, मांड्या आवळू नका, श्वास रोखू नका. भाकरी थापताना, बसमध्ये बसल्या बसल्या करता येतो, कोणाला कळतही नाही. फायदा दिसायला तीन महिने धीर धरावा लागतो.

पिशवीला वळण लावा. दर तासाला जावे लागत असेल तर आठवडाभर सव्वा तास थांबा, पुढच्या आठवड्यात दीड तास. घाई आली की धावू नका. आहे तिथे उभे राहा किंवा बसा, खालचे स्नायू चार-पाच वेळा भराभर आवळा, लाट ओसरू द्या आणि मग शांतपणे जा.

तीन दिवसांची वही ठेवा. किती वाजता गेलो, घाई होती का, गळती झाली का, काय प्यायलो, एवढेच लिहायचे. सार्वजनिक संडासात माप घेता येत नाही, म्हणून एक-दोन दिवस घरच्या मोरीत माप असलेला जुना डबा वापरून किती लघवी झाली तेही नोंदवा. लिहिता येत नसेल तर नातवंडाला लिहायला सांगा किंवा कागदावर रेघा ओढा. या वहीवरून डॉक्टरांना त्रासाचा प्रकार लवकर ओळखता येतो, आणि पुढच्या प्रत्येक इलाजाचा फायदाही हिच्याच आधारे मोजला जातो.

दुसरी पायरी : औषध

घाईची गळती व्यायामाने पुरेशी कमी झाली नाही तर गोळ्या देतात. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन ही एका गटातली औषधे, तर मिराबेग्रॉन दुसऱ्या गटातले. पहिल्या गटातल्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, संडासला घट्ट होते आणि वयस्कर माणसांत विसराळूपणा वाढू शकतो. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाब पाहावा लागतो. एक गोळी सोसली नाही म्हणून इलाजच सोडू नका, दुसरी मागा. नेहमीच्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. जेनेरिक नावाने लिहून घेतले तर खर्च कमी होतो.

तिसरी पायरी : नसेलाच निरोप

व्यायाम, सवयी आणि गोळ्या करूनही जगणे अवघडच राहिले तर पुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट पायाच्या घोट्याजवळून जाते. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक नस असते. तिची मुळे पिशवीच्या नसांजवळच आहेत. तिथे बारीक सुई टोचून अर्धा तास सौम्य विजेचे ठोके देतात. आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे. सुईऐवजी चिकटणारे पॅड लावूनही हे करतात. फिजिओथेरपी विभागात असलेल्या टेन्स मशीनवर ते शक्य असते. ऑपरेशन नाही, धोका फार कमी. फायदा टिकवायला मात्र पुढेही अधूनमधून जावे लागते.

दुसरी वाट म्हणजे पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शने. दुर्बिणीतून ती देतात. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. संसर्गाचा धोका वाढतो, आणि काही जणांना लघवी तुंबल्यामुळे काही काळ नळी वापरावी लागते.

तिसरी वाट म्हणजे कमरेत बसवायचे यंत्र. हृदयाच्या पेसमेकरबद्दल अनेकांनी ऐकलेले असते. हा पिशवीच्या नसांचा पेसमेकर समजा. डॉक्टरी नाव सॅक्रल न्यूरोमॉड्युलेशन. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एमिल टॅनागो आणि रिचर्ड श्मिट या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांत हा इलाज सुरू केला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घाईच्या गळतीसाठी त्याला मंजुरी दिली. १९९९ मध्ये वारंवार लघवी लागणे आणि अडथळा नसतानाही लघवी न होणे यांसाठी, तर २०११ मध्ये संडासवर ताबा न राहण्यासाठीही मंजुरी मिळाली. म्हणजे हा प्रयोग नव्हे, अनेक वर्षे वापरात असलेला इलाज आहे. भारतातही काही मोठ्या शहरांत तो होतो.

एकाच यंत्राने गळणारी लघवी थांबते आणि कोणाची अडलेली लघवी सुटते, हे कसे? यंत्र पिशवीला थेट पिळत नाही की दाबतही नाही. ते नसेला सेकंदाला साधारण १४ हलके ठोके देते. त्यामुळे पिशवी आणि मेंदू यांच्यातला बिघडलेला निरोप पुन्हा ताळ्यावर येतो.

यंत्र कसे बसवतात

या इलाजात आधी चाचणी असते आणि यंत्र नंतर. रुग्णाच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली गोष्ट आहे.

रुग्णाला पालथे झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, तिकोनी हाडाच्या तिसऱ्या छिद्रातून बारीक तार नसेजवळ सोडतात. तार योग्य जागी पोहोचली की पायाचा अंगठा आपोआप वळतो आणि बैठकीचे स्नायू आत ओढले जातात. डॉक्टर त्यावरूनच जागा पक्की करतात. तार बाहेरच्या छोट्या यंत्राला जोडतात. ते पट्ट्याला लावून रुग्ण घरी जातो आणि काही दिवस ते दोन आठवडे पुन्हा तीच वही लिहितो. त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला तरच पक्के यंत्र बसवतात. फरक पडला नाही तर तार काढून टाकतात आणि गोष्ट तिथेच थांबते.

पक्के यंत्र काडेपेटीएवढे किंवा त्याहून लहान असते. कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली छोटा खिसा करून ते ठेवतात. बाहेरून दिसत नाही. रुग्णाला एक रिमोट मिळतो, त्याने ठोके कमी-जास्त करता येतात किंवा बंद करता येतात. बैठकीच्या जागी हलकी गुणगुण जाणवते, ती दुखू नये. दुखली तर सेटिंग बदलून घ्यायचे असते.

बॅटरी दोन प्रकारची असते. एक कातडीवरून चार्ज करायची, ती १५ वर्षे किंवा जास्त चालावी अशी बनवलेली असते. दुसरी चार्ज न करायची, ती संपली की छोटे ऑपरेशन करून यंत्र बदलावे लागते. घरी वीज वारंवार जात असेल, वयस्कर माणसाला चार्जिंग लक्षात राहत नसेल तर हे आधीच डॉक्टरांना सांगा.

फायदा किती, धोका काय

यंत्राने सर्वांचा त्रास पूर्ण जातो असे नाही. चाचणीत यशस्वी ठरून यंत्र बसवलेल्या रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवलेल्या एका अमेरिकी अभ्यासात साधारण दोन-तृतीयांश जणांचा फायदा टिकलेला दिसला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बोटॉक्स आणि यंत्र यांची तुलना केली होती. सहा महिन्यांत दोन्हींनी रोजची गळती बरीच कमी केली. बोटॉक्सचा फायदा किंचित जास्त होता, पण लघवीचा संसर्गही त्यातच जास्त झाला. म्हणजे महागडी वाट तीच उत्तम, असे समजण्याचे कारण नाही.

धोकेही ऐकून ठेवा. यंत्राच्या जागी दुखणे, जखमेत पू होणे, तार सरकणे, पुन्हा ऑपरेशन लागणे असे होऊ शकते. पू झाला तर यंत्र काढावेही लागते. जुन्या यंत्रांसोबत एमआरआय करता येत नाही किंवा मर्यादित भागाचाच करता येतो. नव्या यंत्रांत ठरावीक अटींवर करता येतो. यंत्र असलेल्या माणसाने शेक देणारे डायथर्मीचे मशीन कधीही लावून घेऊ नये. मोहल्ल्यातल्या फिजिओथेरपी केंद्रातही हे आधी सांगायचे. यंत्राचे कार्ड सतत जवळ ठेवायचे. गरोदरपणात यंत्र साधारणपणे बंद ठेवतात.

फक्त खोकताना-शिंकताना गळत असेल तर हे यंत्र कामाचे नाही. प्रोस्टेटच्या गाठीने वाट अडली असेल तर आधी त्या गाठीचा इलाज.

पैशाचे काय

यंत्राचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. म्हणून घाई करू नका आणि धीरही सोडू नका. पहिल्या दोन पायऱ्या आणि घोट्याजवळचा इलाज सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात कमी खर्चात होऊ शकतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. इथे लघवीच्या आजारांचे म्हणजे यूरोलॉजीचे विभाग आहेत. सुरुवात तिथे करता येते. डॉक्टरांनी यंत्र सुचवले तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला हा इलाज योजनेत बसतो का ते विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. ती मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. यंत्राची किंमत सवलतीत धरली आहे की वेगळी, हे लेखी घ्या. कर्ज काढण्याआधी किंवा दागिना मोडण्याआधी दुसऱ्या यूरोलॉजिस्टचे मत नक्की घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझी गळती कोणत्या प्रकारची आहे?
२. व्यायाम आणि गोळ्या पुरेसा काळ झाल्या का?
३. घोट्याजवळचा इलाज किंवा बोटॉक्स मला चालेल का?
४. आधी चाचणी होणार का? चाचणीचा खर्च किती, पक्क्या यंत्राचा किती?
५. तुम्ही हे ऑपरेशन किती जणांचे केले आहे?
६. बॅटरी संपल्यावर, तार सरकल्यावर खर्च कोणाचा?

हे दिसले तर थांबू नका

लघवीत रक्त दिसणे, थंडी-ताप येऊन कमरेच्या बाजूला दुखणे, लघवी पूर्ण अडणे. तसेच पाठ दुखत असताना अचानक पायातली ताकद जाणे आणि बैठकीची जागा बधिर होणे. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शेवटची दोन लक्षणे एकत्र असतील तर रात्र असली तरी निघा. उशीर झाला तर नसा कायमच्या जाऊ शकतात.

घरातल्या तरुणांना एक सांगणे आहे. आई पाणी कमी पिऊ लागली, बाहेर जायचे टाळू लागली, तिच्या अंथरुणाला वास येऊ लागला तर नाक मुरडू नका. चारचौघांत विचारू नका. एकटी असताना, शांतपणे म्हणा, "आई, हे बऱ्याच जणींना होतं आणि याला औषध आहे. उद्या आपण दोघं दवाखान्यात जाऊ." आज रात्री वहीचे एक पान तिच्यासाठी आखून ठेवा. इलाजाची सुरुवात त्या पानापासून होते.